युजर मॉडेलिंगच्या परिषदा: पेपर कुठे पाठवायचा आणि तिथे नेमकं काय तपासतात

प्रश्न थोडक्यात असा. मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवता शिकवता पीएचडी करणाऱ्या प्राध्यापिकेने सहावीच्या मुलांसाठी अपूर्णांकांचा सराव करून घेणारं मराठी अ‍ॅप बनवलं आहे. मूल कुठे अडतं ते पाहून अ‍ॅप पुढचं गणित निवडतं. दोन जिल्हा परिषद शाळांतल्या वापराचा डेटा हाताशी आहे, पण त्यात घोळ आहे: टॅब कमी असल्यामुळे एका टॅबवर दोन-तीन मुलं आळीपाळीने बसली, आणि घरी नेल्यावर भावंडांनीही त्यावर हात चालवला. एका ‘आंतरराष्ट्रीय परिषदे’ची मेल आली आहे: पैसे भरा, आठवड्याभरात स्वीकृती घ्या. सहकारी म्हणतात, टाकून मोकळ्या व्हा. गाईड म्हणतात, यूमॅप या परिषदेला पाठवा. बाईंना विचारायचं आहे की यूमॅप म्हणजे काय, रेकसिस, आययूआय, ईडीएम या इतर परिषदांत आणि तिच्यात फरक काय, आपलं काम तिथे बसेल का, घोळ झालेला डेटा कसा साफ करायचा आणि एवढा खटाटोप करून पदरात काय पडणार.

गाईड बरोबर सांगताहेत. मात्र आज जो पेपर तुमच्या डोक्यात आहे तो तसाच पाठवलात तर परत येईल असं मला वाटतं. आणि ज्याला तुम्ही घोळ म्हणता तो साफ करायच्या मागे लागू नका. तुमच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. का ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी त्या मेलचं उरकू. एकाच परिषदेत यंत्र अभियांत्रिकी, व्यवस्थापन, संगणक आणि योगाभ्यास असे सगळे विषय असतील, पेपर आठवड्यात स्वीकारला जात असेल, रिव्ह्यूअरच्या शेऱ्यात तुमच्या प्रयोगाबद्दल एकही वाक्य नसेल आणि कार्यक्रम समितीतल्या लोकांना आपलं नाव तिथे आहे हेच ठाऊक नसेल, तर तिथे पैसे भरू नका. पीएचडीसाठी पेपर हवाच ही सक्ती यूजीसीने नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीतून काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती लेखी मागून घ्या. अट असली तरी ती चांगल्या परिषदेनेही पूर्ण होते. शिवाय असल्या ठिकाणी एकदा छापलेलं काम पुढे चांगल्या जागी ‘नवं’ म्हणून पाठवता येत नाही, आणि हे नुकसान भरलेल्या फीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

आता यूमॅप. पूर्ण नाव युजर मॉडेलिंग, अ‍ॅडॅप्टेशन अँड पर्सनलायझेशन. यंत्राने समोरच्या माणसाविषयी काय समजून घ्यावं, ते कसं साठवावं, त्यावरून स्वतःचं वागणं कसं बदलावं आणि त्या बदलाचा माणसाला खरंच उपयोग झाला का, हा या परिषदेचा गाभा. थोडा इतिहास सांगतो, कारण तुमचा पेपर वाचणारे लोक याच इतिहासातून आलेले असतात आणि त्यांचे शेरे त्यावर ठरतात.

१९७९ साली इलेन रिच यांनी ग्रंडी नावाच्या प्रणालीवर निबंध लिहिला. ग्रंडी म्हणजे संगणकातला ग्रंथपाल. वाचक स्वतःचं वर्णन करणारे चार शब्द टाइप करायचा, त्यातला एखादा शब्द एखादा साचा जागा करायचा, म्हणजे बुद्धिवादी, खेळाडू, स्त्रीवादी असा. प्रत्येक साच्यासोबत त्या माणसाच्या आवडींविषयी काही अंदाज असायचे, आणि प्रत्येक अंदाजापुढे तो किती खात्रीचा आहे याचा आकडा. त्यावरून ग्रंडी कादंबरी सुचवायचा. वाचकाला ती पटली नाही तर का नाही ते विचारायचा आणि अंदाज दुरुस्त करायचा. आज हे सगळं साधं वाटेल, पण अंदाज आणि त्याची खात्री वेगवेगळी ठेवायची ही शिस्त तिथून आली. रिव्ह्यूअर आजही तुमच्या पेपरमध्ये ती शोधतात.

पुढे १९८६ मध्ये जर्मनीतल्या मारिया लाख इथे, जुन्या बेनेडिक्टाइन मठाच्या गावी, वोल्फगांग वाल्स्टर आणि आल्फ्रेड कोब्सा यांनी या विषयाची पहिली कार्यशाळा भरवली. जमलेल्यांत मुख्यतः माणसाशी संवाद करणाऱ्या प्रणालींवर काम करणारे होते: प्रश्न विचारणाऱ्याला आधीच काय माहीत आहे हे कळल्याशिवाय उत्तर किती खोलात द्यायचं ते ठरत नाही, ही त्यांची अडचण. १९९० साली होनोलुलू, १९९४ साली केप कॉड, १९९७ साली सार्डिनिया, २००१ साली जर्मनीतलं झोन्टहोफन, २००५ साली एडिनबरो, २००७ साली कॉर्फू अशी ही मालिका चालत राहिली. कोब्सा यांच्या संपादनाखाली १९९१ पासून या विषयाचं स्वतंत्र नियतकालिकही निघू लागलं. त्याला सगळे यूमुआय (युजर मॉडेलिंग अँड युजर-अडॅप्टेड इंटरॅक्शन) म्हणतात आणि आजही ते या क्षेत्रात पहिल्या क्रमांकाचं मानलं जातं.

दरम्यान वेब आलं आणि वेगळी मंडळी वेगळ्या बाजूने याच प्रश्नाकडे आली. सगळ्यांना एकच पान, त्याच लिंका का दाखवायच्या? शिकणाऱ्याची तयारी पाहून लिंक पुढे आणावी, मागे ठेवावी, खूण करावी. पीटर ब्रुसिलोव्स्की यांनी १९९६ साली या तंत्रांचा जो आढावा घेतला तो पुढे या शाखेचा पाया ठरला. त्यांची अ‍ॅडॅप्टिव्ह हायपरमीडिया ही परिषद २००० साली इटलीत त्रेन्तोला सुरू झाली. २००९ साली, पुन्हा त्रेन्तोलाच, दोन्ही परिषदा एक झाल्या आणि यूमॅप हे नाव आलं. तोवर या परिषदांचे निबंध स्प्रिंगर छापत असे. २०१६ च्या हॅलिफॅक्स अधिवेशनापासून ती एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली आहे. २०२४ ला कालियारी, २०२५ ला न्यूयॉर्क अशी अलीकडची ठिकाणं.

रेकसिस म्हणजे रेकमेंडर सिस्टिम्स, आवडीचं सुचवणाऱ्या प्रणालींची परिषद. तिची मुळं निराळी आहेत. १९९२ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या टॅपेस्ट्री प्रणालीने ‘कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग’, म्हणजे इतर वाचकांच्या पसंतीवरून निवड, हा शब्द रूढ केला. १९९४ च्या ग्रुपलेन्सने यूझनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावरच्या बातम्यांना वाचकांकडून गुण घेतले आणि ज्यांचे गुण तुमच्याशी जुळतात त्यांना आवडलेलं तुम्हाला दाखवलं. इथे माणसाचं वर्णन करायचंच नाही. तो बुद्धिवादी आहे की खेळाडू याच्याशी कर्तव्य नाही, गुणांचा तक्ता पुरे. २००६ ते २००९ च्या नेटफ्लिक्स स्पर्धेने याला प्रचंड वेग दिला: सुमारे १० कोटी गुण, दहा लाख डॉलरचं बक्षीस, अट एवढीच की अंदाजातली चूक दहा टक्क्यांनी घटवा. रेकसिस परिषद त्याच धामधुमीत, २००७ साली मिनियापोलिसला सुरू झाली आणि आज उद्योगातल्या लोकांची सर्वाधिक गर्दी तिथेच होते.

रेकसिस कमी दर्जाची आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. स्वतःच्या घरातली झाडाझडती तिने उघडपणे केली. २०१९ च्या कोपनहेगन अधिवेशनात मौरिझिओ फेरारी दाक्रेमा, पाओलो क्रेमोनेसी आणि डीटमार यानाख यांच्या पेपरला सर्वोत्कृष्ट पुरस्कार मिळाला. नामांकित परिषदांत छापल्या गेलेल्या १८ न्यूरल पद्धती त्यांनी पुन्हा चालवून पाहायचं ठरवलं. वाजवी मेहनतीत फक्त ७ चालल्या, आणि त्या सातांपैकी ६ पद्धतींना जुन्या, साध्या पण नीट जुळवलेल्या पद्धतींनी मागे टाकलं. हा पेपर मिळवून वाचा. तुमच्या तक्त्यात ‘आमची पद्धत’ ठळक अक्षरात आणि बाकीच्या जेमतेम चालवलेल्या असतील, तर त्यानंतरचा कुठलाही जाणता रिव्ह्यूअर तिथेच थांबतो.

आययूआय (इंटेलिजंट युजर इंटरफेसेस) १९९३ पासून आहे. तिचं लक्ष इंटरफेसवर: बुद्धिमान यंत्रणा आणि ती वापरणारा माणूस यांच्यातला व्यवहार. शिक्षणाच्या बाजूला एआयईडी (आर्टिफिशियल इंटेलिजन्स इन एज्युकेशन), आयटीएस (इंटेलिजंट ट्युटरिंग सिस्टिम्स) आणि २००८ पासूनची ईडीएम (एज्युकेशनल डेटा मायनिंग). ईडीएम २०२३ साली बेंगळुरूला भरली होती, त्यामुळे भारतातल्या बऱ्याच जणांना तिची ओळख झाली. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम करणारा जुना गट आहे, आणि टीफॉरई (टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन) ही परिषद तिथूनच उभी राहिली. मुलाला अपूर्णांक कळले का, एवढंच तुम्हाला सांगायचं असेल तर ईडीएम किंवा एआयईडी हीच तुमची जागा. अ‍ॅपचा पडदा कसा असावा हे सांगायचं असेल तर आययूआय. पुढचं गणित सुचवण्याचं गणिती सूत्र हेच तुमचं योगदान असेल तर रेकसिस. पण मुलाविषयी यंत्राची समजूत कशी बनते आणि ती कुठे फसते हे सांगायचं असेल, तर यूमॅप. तुमच्याकडे सांगण्यासारखं हेच आहे, म्हणून गाईडचं म्हणणं मला पटलं.

आता तुमच्या अ‍ॅपकडे येऊ. तुम्ही बेजियन नॉलेज ट्रेसिंग, म्हणजे प्रत्येक उत्तरागणिक मुलाला कौशल्य येत असल्याची शक्यता नव्याने काढणारी पद्धत, वापरता असं लिहिलं आहे. अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी ते यूमुआयमध्येच मांडलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. त्यात चार आकडे. मुलाला हे कौशल्य आधीच येत असण्याची शक्यता, धरू ०.३. येत असूनही हात चुकण्याची ०.१. येत नसताना अंदाजाने बरोबर येण्याची ०.२. आणि एका गणितातून शिकण्याची ०.१. मुलाने पहिलं गणित बरोबर सोडवलं. येत होतं म्हणून बरोबर आलं, हा वाटा ०.३ गुणिले ०.९, म्हणजे ०.२७. अंदाजाने बरोबर आलं, हा वाटा ०.७ गुणिले ०.२, म्हणजे ०.१४. म्हणून ‘येतं’ याची शक्यता ०.२७ भागिले ०.४१, साधारण ०.६६. त्यात या गणितातून शिकल्याची भर घातली की ०.६९. तेच पहिलं गणित चुकलं असतं तर आकडा ०.१५ वर घसरला असता.

आता हाच हिशेब पुढे न्या. दुसरंही बरोबर आलं की ०.९२. तिसरं बरोबर आलं की ०.९८. प्रावीण्याची रूढ मर्यादा ०.९५ आहे. म्हणजे आठवीतल्या ताईने संध्याकाळी सहज गंमत म्हणून तीन गणितं सोडवली, की सहावीतल्या भावाला समच्छेद करून बेरीज येते असं अ‍ॅपने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी शाळेत तो १/२ अधिक १/३ बरोबर २/५ लिहितो, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. अ‍ॅप मात्र त्याला भिन्न छेदांची वजाबाकी देतं, कारण त्याच्या लेखी बेरीज झाली आहे. आणि ‘येत असूनही हात चुकतो’ हा आकडा ०.१ असल्यामुळे अ‍ॅप त्या चुकीला हातचूक समजतं. ते सावरायला आणखी एक-दोन चुका तरी व्हाव्या लागतात. तोवर मुलाने टॅब बाजूला ठेवलेला असतो.

या क्षेत्रातलं बहुतेक संशोधन एक गोष्ट न बोलता धरून चालतं: एक लॉगिन म्हणजे एक माणूस. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या शाळेतल्या संगणक कक्षात ते खरं असेल. आपल्याकडे ते खरं नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. फोन वडिलांचा, तो वापरणार तिघं भावंडं, आणि शाळेतला टॅब गटाचा. तुमच्या डेटात हा प्रकार प्रत्यक्ष नोंदला गेला आहे, तोही शाळेचे तास आणि घरचे तास अशा वेळांच्या शिक्क्यांसह. हा कचरा समजून उडवलात तर हातात उरेल तो नेहमीच्या पद्धतीचा आणखी एक छोटा डेटासेट. ठेवलात, तर एका बाबतीत तुम्ही कुणापेक्षाही पुढे आहात.

म्हणून माझा सल्ला असा की पेपरचा प्रश्नच बदला. ‘आमच्या अ‍ॅपने गुण वाढले’ हे बाजूला ठेवा. प्रश्न हा असू द्या: एकाच खात्यामागे अनेक मुलं असताना शिकणाऱ्याचं मॉडेल किती आणि कसं बिघडतं, आणि बसणारा बदलला हे त्याला उत्तरांवरूनच ओळखता येईल का? उत्तराला लागलेला वेळ अचानक निम्म्यावर येणं, चुकांची जात बदलणं, अंश-छेद वेगवेगळे मिळवण्याची चूक एका दिवसात नाहीशी होऊन दुसऱ्या दिवशी परत येणं, या खुणा तुमच्या नोंदींत सापडतील. काही तासांचं निरीक्षण शिक्षकांनी वहीत लिहून ठेवलं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण टॅबवर खरोखर कोण होतं याचा पुरावा त्यातूनच मिळेल. नसेल तर पुढच्या सत्रात आठवड्यातून दोन तास तरी लिहून घ्या. त्या पुराव्याशिवाय ‘बसणारा बदलला’ हा तुमचा दावा नुसता अंदाज राहील, आणि ग्रंडीपासून चालत आलेली शिस्त तिथेच तुम्हाला अडवेल.

अजून एक जागा आहे जिथे जाणकार रिव्ह्यूअर बोट ठेवेल. जोसेफ बेक आणि काय-मिन चँग यांनी २००७ च्या कॉर्फू अधिवेशनात दाखवून दिलं की नॉलेज ट्रेसिंगमध्ये तोच डेटा वेगवेगळ्या आकड्यांनी सारखाच चांगला बसतो. एका जोडीत मुलाला आधीच बरंच येत होतं, दुसऱ्या जोडीत काहीच येत नव्हतं पण अंदाज फार चांगले लागत होते. पुढचं उत्तर बरोबर येईल का याचं भाकीत दोन्हींत एकसारखं, पण मुलाविषयीची गोष्ट पूर्ण उलटी. तुमच्या खात्यांत अनेक मुलं मिसळली असल्यामुळे ही अडचण तुमच्याकडे दुप्पट आहे. म्हणून भाकिताची अचूकता एवढाच पुरावा देऊ नका. अंदाजाचा आणि हातचुकीचा आकडा किती असू शकतो याला आधीच हद्द घाला, आणि का घातली ते लिहा. चार पर्यायांचा प्रश्न असेल तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ०.२५ च्या आसपास असणार, याला कुणी हरकत घेणार नाही.

कौशल्यांची यादीही तपासा. ती परदेशी अभ्यासक्रमावरून उचललेली असेल तर एक गोष्ट हमखास सुटली असेल. आपलं मूल बाजारात पाऊण किलो आणि पाव किलो मिळून एक किलो हे बोलता बोलता सांगतं, आणि वहीत ३/४ अधिक १/४ ला अडतं. शाब्दिक उदाहरणात ‘पाऊण’ आला की उत्तर बरोबर, अंकात आला की चूक, असं तुमच्या नोंदींत दिसतं का ते बघा. दिसलं तर ही दोन वेगळी कौशल्यं धरावी लागतील. उलटही घडेल: घरची भाषा मराठी नसलेलं मूल शाब्दिक उदाहरणात वाचनामुळे अडतं आणि मॉडेल त्याला अपूर्णांक येत नाहीत असं समजतं. मराठी मुलांवरचं काम म्हणून कुणी तुम्हाला सवलत देणार नाही, पण माणसाविषयीची यंत्राची समजूत इथे कशी चुकते हे नेमकं दाखवलंत तर तो पेपर नेदरलँड्समधल्या माणसालाही वाचावासा वाटेल. त्याच्याकडेही स्थलांतरितांची मुलं शिकतात.

मूल्यमापनाचं थोडक्यात. मॉडेलचं प्रशिक्षण आणि त्याची चाचणी यांसाठी नोंदी यादृच्छिकपणे विभागू नका. तसं केल्यास मुलाच्या उद्याच्या उत्तरांवरून कालचं भाकीत होतं. वेळेप्रमाणे कापा. अ‍ॅपच्या निवडीची तुलना तीच गणितं पुस्तकाच्या क्रमाने देणाऱ्या अ‍ॅपशी करा, ‘अ‍ॅप नसलेल्या वर्गा’शी नको. नाहीतर टॅब मिळाल्याचा आनंद आणि मॉडेलचा उपयोग वेगळे करता येत नाहीत. शिक्षकांना मॉडेल दाखवलं असेल तर तेही लिहा. सिडनीच्या जुडी के गेली अनेक वर्षं हाच आग्रह धरत आल्या आहेत: यंत्राने आपल्याविषयी काय समजूत करून घेतली आहे ते माणसाला उघडून पाहता यावं आणि दुरुस्त करता यावं. ‘ही उत्तरं माझी नाहीत, ताईची आहेत’ असं सांगणारं एक बटण मुलाला दिलंत, तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, आणि यूमॅपच्या लोकांना नेमकं हेच भावतं.

मुलांच्या डेटाविषयी हयगय नको. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी प्रयोगाआधीच्या तारखेची असली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूल धरले आहेत, पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे आणि मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यावर निर्बंध आहेत. शिक्षण आणि संशोधनाला काही सवलती आहेत, पण आपण कुठल्या सवलतीत बसतो हे समितीकडून लेखी घ्या. भावंडांचा मुद्दा इथेही येतो: ताईची संमती कुणी घेतली होती? पेपरमध्ये हा प्रश्न तुम्ही स्वतःहून उपस्थित करा आणि घरच्या नोंदी कशा वापरल्या, कशा वगळल्या ते सांगा. नावं काढली म्हणजे झालं, असं समजू नका. नेटफ्लिक्सच्या नावं काढलेल्या डेटातूनही माणसं ओळखता येतात हे अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव यांनी २००८ मध्ये दाखवलं, आणि पुढे २०१० साली नेटफ्लिक्सला दुसरी स्पर्धाच रद्द करावी लागली. दोन शाळांच्या डेटात तर मूल ओळखणं आणखी सोपं.

आता व्यवहार. यूमॅपची मुदत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते. आधी सारांश नोंदवायचा, मग आठवड्याभरात पूर्ण पेपर. निकाल एप्रिलच्या सुमारास, परिषद जून-जुलैत. पेपर निनावी पाठवायचा असतो, म्हणून शाळांची, गावाची, महाविद्यालयाची नावं काढा, आणि अ‍ॅपचं नाव शोधल्यावर तुमचं पान उघडत असेल तर तेही. पूर्ण पेपर फार थोडे घेतात, चार-पाचांत एखादा. पण मुख्य निबंधांखेरीज कार्यशाळा, ताजे निष्कर्ष, प्रात्यक्षिकं आणि डॉक्टरल कन्सॉर्टियम (पीएचडी करणाऱ्यांसाठीचं खास सत्र) असतं, त्यांचा वेगळा पूरक खंड निघतो आणि त्यांच्या मुदती नंतरच्या असतात.

तुमच्यासाठी मला डॉक्टरल कन्सॉर्टियम सर्वांत योग्य वाटतं. तिथे तुमचं सगळं संशोधन काही पानांत मांडायचं, आणि त्या विषयातला एखादा ज्येष्ठ संशोधक मार्गदर्शक म्हणून नेमून देतात. तो पेपर आधी वाचून येतो. आपल्याकडे नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्यांना विषय नीट जाणणारा गाईडखेरीज दुसरा माणूस फारसा भेटत नाही. पदरात काय पडेल, हे तुम्ही विचारलंत, तर त्या संशोधकासोबतचा अर्धा-पाऊण तास. मी ज्यांना पाठवलं त्यांच्यापैकी बहुतेकांचे पुढचे सहलेखक किंवा प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक तिथल्या ओळखीतून मिळाले. व्याख्यानं नंतर वाचताही येतात. म्हणून चहाच्या वेळात आणि पोस्टरपाशी उभ्या राहा, आणि ज्यांचे पेपर वाचून गेला आहात त्यांना त्यांच्या प्रयोगातला एखादा नेमका प्रश्न विचारा. या विषयातली मंडळी मोकळी आहेत, परिषद आटोपशीर असते, कुणाला गाठणं अवघड जात नाही.

पैशांचं आधी बघा. एका लेखकाला नोंदणी करावीच लागते. जानेवारी २०२६ पासून एसीएमचं सगळं प्रकाशन मुक्तद्वार, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं, झालं आहे, त्यामुळे तुमची संस्था एसीएम ओपन योजनेत नसेल तर प्रकाशनशुल्काचा प्रश्न येतो. देशाच्या उत्पन्नगटानुसार सवलती असतात, त्या वर्षीचा नियम पेपर पाठवण्याआधी वाचून घ्या. प्रवासासाठी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (संगणकशास्त्रातल्या संशोधनाची भारतीय संघटना) यांचं अनुदान आहे, आणि पूर्वी एसईआरबी या केंद्रीय संशोधन मंडळाकडे असलेली आंतरराष्ट्रीय प्रवासाची योजना आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे. अर्जासोबत स्वीकृतीपत्र लागतं आणि तारखा घट्ट असतात, म्हणून बाकी कागद मार्चमध्येच तयार ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला रीतसर पंधरा दिवस धरतात, पण उन्हाळ्यात भेटीची तारीख मिळायलाच वेळ जातो. स्वीकृती आली त्याच दिवशी आयोजकांकडे निमंत्रणपत्र मागा.

पेपर नाकारला गेला तर शेरे नीट वाचून सहा आठवड्यांत दुरुस्त करा. पुढच्या वर्षीच्या ईडीएम किंवा एआयईडीसाठी बहुतेक मजकूर वापरता येईल, फक्त सुरुवातीचा भर मुलाच्या शिकण्याकडे वळवावा लागेल. आययूआयची मुदत ऑक्टोबरच्या आसपास असते, ‘ताईची उत्तरं’ बटणाचा प्रयोग झाला असेल तर तिथेही दार उघडं आहे. यूमुआयला मात्र दोन सत्रांचा डेटा हाती आल्याशिवाय पाठवू नका.

तेव्हा वेळापत्रक असं ठेवा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की शिक्षकांच्या निरीक्षणवह्या आणि संमतीपत्रं, जुलै ते दिवाळीची सुटी लागेपर्यंत दोन्ही प्रकारच्या अ‍ॅपचा वापर, नोव्हेंबर-डिसेंबरात विश्लेषण, नाताळाच्या आसपास पहिला खर्डा गाईडकडे आणि विषयाबाहेरच्या एका वाचकाकडे. सहामाही परीक्षेच्या दोन आठवड्यांत टॅब कुणी हातात घेत नाही, तो काळ हिशेबातून वगळा.